वर बघू नको

या तोंडातून गाडाभर गोष्टी निघाल्या, ही एक कधी निघाली न्हाई. बायकोला सांगितली नाही, देवापुढं पुटपुटलोही नाही. तुम्ही आपले वाटलात म्हणून सांगतो — न्हाई, हेही खोटंच. तुम्ही भिवाला ओळखत नव्हता, म्हणून सांगतो.

मी थापाड्या. बदनापूरच्या ठेसनापासून आमच्या गावापर्यंत कोणत्याही म्हशीला विचारा. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. तरुणपणी मी मुंबईला गेल्तो, गोदीत लवंगांची पोती उचलायला. पोती झांझिबारहून यायची. आफ्रिकेशी माझा संबंध तेवढाच — नाकात जाऊन शिंक येण्यापुरता. पण गावात परतलो तो अख्खी आफ्रिका पालथी घालून! पारावर बसून मी शेर लोळवले, हत्तीच्या सोंडेनं आंघोळ केली, एका मगरीला तंबाखूची सवय लावली. लोक हसायचे. भिवा हसायचा न्हाई. तो शेजारच्या वाडीचा धनगर, माझ्याहून थोडा लहान, मला दादा म्हणायचा. दादा सांगतो म्हणजे असणारच, असं त्याचं. समोर असा एक जण बसला की थापाड्याला आवरतं का हो?

मंग आमच्या जागीरदारांच्या मनात आलं — आफ्रिकेची सैर करायची, बब्बर शेर मारायचा. त्यांची पहिलीच खेप. आम्ही त्यांना सरकार म्हणायचो. अन् पंचक्रोशीत आफ्रिका बघितलेला माणूस कोण? तर मी. बोलावणं आलं.

हवेलीच्या चौकात सगळी तयारी मांडलेली. तंबू, लोखंडी पेट्या, कुनैनच्या बाटल्या, तेल दिलेल्या बंदुका. सरकार विचारायचे, मी ठोकून द्यायचो. तिथले मच्छर केवढे? तितराएवढे. लगेच मच्छरदाण्या जाड मांजरपाटाच्या शिवायला टाकल्या. दर्जी माझ्याकडं बघून राह्यलता. सरकारांना खोटं खपत नसे. खोटं बोलला म्हणून त्यांनी एका कारभाऱ्याला बायकापोरांसकट गावाबाहेर काढलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या दिवशी भिवाही चौकात होता. सफरीसाठी घोंगड्या मागवल्या होत्या, त्या घेऊन आल्ता. सरकारांनी विचारलं, शेर अंगावरच आला तर काय करायचं?

मला काय माहीत? मी इकडंतिकडं बघितलं. चौकात जो तो कमरेत वाकलेला — मुनशी, दर्जी, शिपाई, आम्ही सगळेच. सरकारांपुढं ताठ उभं राहायची कोणाची छाती होती? तिथूनच उचललं मी उत्तर. म्हटलं, तो जंगलचा बादशाह, हुजूर. पळणाऱ्याला फाडतो, ताठ उभ्याला फाडतो. गुडघ्यावर बसून मान खाली घालून सलाम केला, की आला तसा वळून जातो.

सरकार खूश झाले. इतके खूश की म्हणाले, तूच चल बरोबर.

आगबोटीतून उतरल्या उतरल्या माझं पितळ उघडं पडलं असतं. दुसऱ्या दिवशी मी लंगडायला लागलो. असा लंगडलो, असा लंगडलो की हाडवैद्यसुद्धा फसला. अन् हात जोडून म्हटलं, हुजूर, माझ्याऐवजी भिवाला न्या. लांडग्यांशी उभा जन्म झुंजलाय, जनावर ओळखतो. भिवाला एवढा आनंद झाला, की खांद्यावर मेंढरू घेऊन नाचला.

ठेसनावर निरोप द्यायला गेलो, लंगडत. मनमाडची गाडी लागलेली, पेट्या चढत होत्या. भिवानं मला बाजूला घेतलं. हळूच म्हणाला, "दादा, लांडग्यापुढं आपून उभं राहून घोंगडं फडकावतो, वरडतो. शेरापुढं बसायचं, हे बराबर ना?"

मुनशी हाताच्या अंतरावर उभा. एक शब्द — एकच — बोलायचा होता. तो विचारत होता, स्वतःच्या तोंडानं विचारत होता. अन् मी?

"बिलकुल. अन् वर बघू नको."

हे शेवटचं कशाला जोडलं मी? कोणी विचारलं होतं? सवय. थापेला शेपूट लावल्याशिवाय मला चैन पडत नसे.

सैर आटोपून सगळे परतले. भिवा गाडीतून उतरला तो एका हातानं. सरकारांचा बार नीट बसला न्हाई. शेर जखमी होऊन गवतातून उसळला. सगळे मोटारीकडं पळाले. भिवा बसला. घोंगडं डोक्यावर घेऊन, गुडघे टेकून बसला. कोणीतरी शेर पाडेपर्यंत डावा हात खांद्यापासून गेल्ता.

त्याच्या घरी जाताना मी वाटेत सगळं घोकलं होतं. भिवा, मी आफ्रिका बघितलीच न्हाई. एवढंच तर म्हणायचं होतं. उंबऱ्यावर पाय ठेवला, तर तोच आधी बोलला.

"दादा, चूक माझीच झाली. तू म्हन्लता वर बघू नको. मी बघितलं."

मी मान डोलावली. हो — डोलावली.

एका हातानं मेंढरांची लोकर कातरता येत न्हाई. त्यानं कळप विकला, दुसऱ्याच्या शेतावर राखणीला राहिला. संध्याकाळी पारावर यायचा. लोक म्हणायचे, भिवाच्या शेराची गोष्ट होऊ द्या. अन् मी सांगायचो, तो समोर बसलेला असताना, हातवारे करून. शेवटी म्हणायचो, "भिवानं वर बघितलं, न्हाई तर शेर वळालाच होता." तो मरेपर्यंत सांगत राहिलो.

एखाद्या दिवशी त्या वाक्याशी माझी जीभ अडायची, मी ते गाळून टाकायचो. मंग भिवाच उरलेला हात वर करायचा. हसून म्हणायचा, "दादा, माझं वर बघायचं राहिलं की."

अन् मी तेही सांगायचो.