बाईंनी सांगितलेला ‘ब्रोकन’चा अर्थ

करंदीकर बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी खोपटला भाजी घेत होते. मेथीची जुडी हातात तशीच राहिली... भाजीवाल्याने दोनदा विचारलं, घेताय ना?

माहेरी, कोपरला, आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये बाई इंग्रजीची शिकवणी घ्यायच्या. एकदा त्यांनी ‘ब्रोकन’ शब्दाचे वाक्प्रचार घेतले. ‘ब्रोकन हार्ट’ सगळ्यांना येत होतं, वयच तसं होतं. ‘ब्रोकन इंग्लिश’ म्हणजे तुम्ही बोलता ते, असं बाईंनी सांगून टाकलं. ‘ब्रोकन होम’वर माझा नंबर आला आणि मी ठणकावून म्हटलं, पडकं घर. कोणी हसलं नाही. सगळे एकदम वहीत बघायला लागले. माझे वडील आम्हाला सोडून गेलेत हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. आई मात्र ‘ते मस्कतला असतात’ असंच सांगायची. ‘टाकलेली’ हा शब्द कानावर पडू नये, एवढीच तिची धडपड. बाई शांतपणे पुढच्या शब्दाकडे वळल्या. शिकवणी सुटल्यावर मला एकटीला गॅलरीत थांबवून त्यांनी खरा अर्थ सांगितला, आई-वडील वेगळे झालेलं घर, आणि म्हणाल्या, “तुमच्या घरात काही पडलेलं मला तरी दिसलं नाही. पण परीक्षेत पुस्तकातलाच अर्थ लिही हो.” माया भरपूर, पण मार्कांशी तडजोड नाही.

पुढे मला बघायला मंडळी आली, तेव्हा आईने आधाराला बाईंनाच बोलावलं. वडिलांचा विषय निघाला आणि आईने सवयीने मस्कत सांगितलं. मुलाची आत्या म्हणाली, “आम्ही चौकशी केलीय. ब्रोकन फॅमिली आहे, तर तसं सांगायचं ना.” आईचा चेहरा पार उतरला. बाई पोह्यांची बशी खाली ठेवत म्हणाल्या, “आहेच. मोडेन पण वाकणार नाही, त्यातली.” आत्या पोह्यांतले शेंगदाणे वेचायला लागली. मुलगा मात्र खळखळून हसला, आणि मी मनात होकार देऊन टाकला.

त्यानंतर आईने मस्कतचं नाव काढलं नाही. पण खरंही कधी बोलली नाही, कोणी विचारलं की चहा टाकायला उठायची. बाईंना याची चुटपुट होती.

बाईंच्या तेराव्याला मी आईला घेऊन गेले. पंगतीत शेजारच्या अनोळखी आजींनी आईला सहज विचारलं, “मिस्टर काय करतात तुमचे?” आईने क्षणभर बाईंच्या फोटोकडे पाहिलं...

“काय माहीत. सोडून गेले ते. मुलीला मीच वाढवलं,” ती म्हणाली, आणि वाढणाऱ्याला हाक मारून आणखी थोडी कढी मागितली.