तारणासाठी पुसलेली फरशी

प्याला माझ्या ओठांपाशी आला आणि मंडळीचे पुढारी, पंचसाहेब, यांनी तो मागे घेतला. प्रभुभोजनाचा रविवार होता. मुलुंडच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये मी वेदीपुढे गुडघे टेकून होते.

"तू नको. आधी सेवा कर. मन शुद्ध झालं की बघू."

अख्ख्या मंडळीसमोर. शेजारच्या बाईने पदर आवरून घेतला. मी उठले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

कारण मला ते पटलं होतं, हो! नर्सिंग होममध्ये मी आया. संपात नवऱ्याची गिरणी बंद पडलेली, तो दिवसभर काम शोधत फिरायचा, घर माझ्या पगारावर. आई तापाने फणफणली होती. म्हणाली, "आज जाऊ नको गं." मी गेले. खाडा झाला तर काढून टाकतील, ही भीती. दिवसभर लोकांच्या आयांचं हगणंमुतणं काढलं आणि माझी आई खोलीत एकटीच गेली. पाण्याचा तांब्या तिच्या हाताला पुरत नव्हता. मीच तो लांब ठेवला होता. प्रार्थनासभेत मी हे रडत रडत कबूल केलं. पंचसाहेबांनी तेच धरून ठेवलं.

मग सेवा सुरू. ड्युटी सुटली की चर्चची फरशी, बाकं, संडास. पुढे पंचांच्या घरची धुणीभांडी. तीसुद्धा सेवाच म्हणे! माझ्या आजोबांनी नगरकडे गावकुसाबाहेर बाप्तिस्मा घेतला. पंचांचं घराणं वरच्या आळीतलं. प्रभू एकच, शास्त्र एकच, पण झाडू बरोबर आमच्या हातात आला. तेव्हा मला ते दिसलंच नाही. मी आपली घासत होते. अजून थोडं केलं की आई माफ करेल, असं वाटायचं. वेडीच होते मी.

नाताळ जवळ आला होता. दुपारची मी वेदीजवळ फरशी पुसत होते. पंचसाहेब बाकांवरच्या पोरांना धर्मशिक्षण देत होते.

"तारण, म्हणजे पापातून सुटका, कशाने मिळतं?"

"विश्वासाने!"

"आपल्या कर्मांनी मिळतं का?"

"नाही!"

पोरं जीव तोडून ओरडली. पंचसाहेब खूश. मी त्यांच्या पायांशी बादली सरकवत होते, आणि माझा हात थांबला. अगं बाई, लहानपणी मीही हेच ओरडले होते की!

"पंचसाहेब, मग मला कशाला जुंपलंय?"

पंचसाहेब हसले.

"तुझं वेगळं. तुमच्या लोकांना आधी वळण लागावं लागतं."

तुमच्या लोकांना. डोक्यात सणक गेली. फडकं तिथेच टाकलं आणि म्हटलं, "देवाने फुकट दिलेलं तुम्ही माझ्याकडून वसूल करताय. उरलेली फरशी तुम्ही पुसा."

निघाले. हलकं वगैरे काही वाटलं नाही. आईला मी एकटी टाकली, हे आजही जेवताना आठवतं. देवाने क्षमा केली, यावर माझा विश्वास आहे. मला स्वतःला ती करता येत नाही. ते माझं आणि त्याचं आम्ही बघू. पण माझ्या अपराधावर यापुढे कुणी मुकादम बसणार नाही.