समुद्रावर घेतलेलं नाव

गंजाडच्या रूपीला दोन गोष्टी कधी जमल्या नाहीत. एक, सायकल. दुसरी, समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं. सायकलीवाचून तिचं काही अडलं नाही. पण नाही म्हणता न आल्यामुळे पन्नाशी उलटल्यावर तिच्या जिवाला जो घोर लागला, तो अजून सुटलेला नाही.

रूपी धवलेरी आहे. वारल्यांच्या लग्नात बायका कुडाच्या भिंतीवर गेरूचा हात देऊन तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, चौकात देवी मांडतात, आणि ते लिहिणं चालू असताना धवलेरी शेजारी बसून गाते. ती गाते म्हणून देवी येते, देवी येते म्हणून लग्न लागतं. चित्र सगळ्यांना माहीत झालं आहे. ते आता पिशव्यांवर आहे, कपबश्यांवर आहे, विमानतळाच्या भिंतीवरही आहे म्हणे. चित्र लिहिणारे दिल्ली पाहून आले, काही तर परदेशात जाऊन आले. गाणारीला मात्र कोणी डहाणू स्टेशनच्या पुढे विचारलं नाही. रूपी हे हसत हसत सांगायची, पण सांगायची वारंवार. मनात काही सलत असल्याशिवाय माणूस एकच गोष्ट इतक्यांदा हसत सांगत नाही.

ती गाणं शिकली सासूकडून. सासू कडक. भात लावताना ओळ चुकली तर चिखलाचा गोळा पाठीवर बसायचा. सासूनं एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसवली होती. देवीचं तोंड लिहायच्या आधी गाण्यात नवरीचं नाव घ्यायचं. बाईमाणसाचं नाव जन्मात एकदाच गाण्यात येतं, तेवढ्यापुरती तिला देवीच्या शेजारी बसायला मिळतं. ते चुकायचं नाही. आणि देवीचं तोंड दिवसाउजेडी झालं पाहिजे. दिवे लागले की झालं तेवढं झालं.

तीस वर्षांत रूपी एकदाही चुकली नव्हती.

कैनाडची चिमी ही तिची लहानपणापासूनची मैत्रीण. दोघी एकाच पाड्यावर वाढल्या, एकाच साली लग्न होऊन दोन दिशांना गेल्या. रूपीला मूलबाळ झालं नाही. चिमीची शितल मात्र अर्धी रूपीच्याच मांडीवर मोठी झाली. पुढे ती तलासरीला शिकली, नर्सिंगचा कोर्स केला, आणि वेवजीच्या अमृतशी तिचं जमलं. पोरगी नव्या वळणाची. तिला पार्लरवाली हवी होती, फोटोवाला हवा होता, वेवजीकडच्या गुजराती मैत्रिणींसारखी मेंदी हवी होती. चिमी कपाळाला हात लावून म्हणाली, "मग चौक तरी लिहायचा का नाय?" तर शितल म्हणाली, "तो तर लिहायचाच. आणि रूपीमावशी गाणार. बाकी काय नाय झालं तरी चालंल."

हे ऐकून रूपी आठवडाभर जमिनीपासून वीतभर वर चालत होती. रोज कामावरून येताना वाटेत शितलचं नाव गाण्यात बसवून बघायची. कोणत्या ओळीनंतर घ्यायचं, किती लांबवायचं, आई-बापाचं कुठे जोडायचं. नाव जिभेवर अगदी रुळून गेलं.

अशात नविन आला. गावचाच पोरगा, कॉलेज केलेला, डहाणूच्या किनाऱ्यावर होणाऱ्या संगीत महोत्सवात धावपळ करणाऱ्यांतला. म्हणाला, "मावशी, तुला गायचंय. मायकावर तुझं नाव पुकारणार. रूपीबाई, गंजाड!" तारीख नेमकी शितलच्या चौकाची. रूपीनं सांगितलंही तसं. पण नविन म्हणाला, "तुझं बारा वाजता. दोनला मोकळी. दोनला निघालीस तर अडीचला कैनाड. देवीचं तोंड काय जेवणाआधी लिहिणार हायत?"

हिशेब बरोबर होता. असले हिशेब नेहमी बरोबरच असतात. रूपीनं दोन दगडांवर पाय ठेवला, आणि चिमीला सांगितलं की दुपारपर्यंत येते, थोडं काम आहे. काम कसलं, ते सांगितलं नाही.

त्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून अकरालाच किनाऱ्यावर हजर. सुरूच्या झाडांच्या पुढं वाळूवर मोठं स्टेज, त्याच्या मागे नुसता समुद्र. गळ्यात नावाची पट्टी अडकवली, बसायला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं. मुंबईची, सुरतेची माणसं वाळूत चटया टाकून आडवी झालेली. चिकूच्या आइस्क्रीमला ही रांग! रूपीला गंमत वाटली. लग्नात गाणं ऐकायला कोणी झोपत नाही, आणि हे लोक तिकीट काढून झोपायला आले होते.

बाराचे साडेबारा झाले. आवाजाच्या पेट्या नीट लागेनात. मग पाहुणे यायचे होते. मग पाहुणे जेवायला बसले. दीडला चिमीचा फोन आला.

"कुठं हायस गं? गेरू वाळला. चौकाची कड लिहून झाली."

"येते गं. अर्ध्या तासात."

हे तिनं मनापासून सांगितलं होतं. तिथवर काही बिघडलं नव्हतं.

तीन वाजता रघ्या तिच्याजवळ आला. रघ्याची जीप महोत्सवाचं सामान वाहत होती. म्हणाला, "मावशी, मी रिकामी जीप घेऊन कैनाडवरूनच चाललोय. सोडू काय?" रूपी उठली. पिशवी काखेला मारली. गळ्यातली पट्टीही काढली. तेवढ्यात निलम आली. निलम म्हणजे सगळा कार्यक्रम मांडणारी मुंबईची पोरगी, दिवसभर पळून घामाघूम झालेली, पण बोलायला गोड. रूपीचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "मावशी, सॉरी हां, खूप उशीर झाला. तुम्हाला जायचं असेल तर खरंच जा. पण थांबलात तर मी तुम्हाला शेवटी ठेवते. सूर्य अगदी पाण्यावर येईल तेव्हा. तुम्ही एकट्याच, दुसरं कोणी नाही."

कोणी तिला दावणीला बांधून ठेवलं नव्हतं. जीप समोर होती, रघ्या हॉर्न वाजवत होता, पोरगी स्वतः जा म्हणत होती. महोत्सवानं थांबवलं असं म्हणायलासुद्धा रूपीला जागा नाही, आणि तेच तिला आजवर जास्त टोचतं.

सूर्य पाण्यावर येईल तेव्हा. म्हणजे कैनाडला त्याच सुमाराला देवीचं तोंड लिहायचं असेल. रूपीला हे कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं.

"तू जा रघ्या," ती म्हणाली. आणि पट्टी परत गळ्यात घातली.

चारला चिमीचा दुसरा फोन. आता आवाजात काळजी होती. "रूपी, खरं सांग. जमत नसंल तर मी पोराला धाडते, कमळीला घेऊन येईल. ती हाय आज घरी."

कमळी ही पलीकडच्या पाड्यावरची धवलेरी. आवाज फाटका, पण गाणं पाठ, आणि बोलावलं की येणारी. इथे रूपीनं एवढंच म्हणायचं होतं, की हो, धाड पोराला. पण कमळीनं शितलच्या चौकाला गावं? शितलच्या?

"कमळी कशाला? मी रिक्षात बसतेच हाय," ती म्हणाली.

समोर मायकात एक मुलगा इंग्रजी गाणं म्हणत होता. चिमीला ते ऐकू गेलंच असणार. पण मैत्रिणीचा शब्द. तिनं फोन ठेवला, आणि पोराला धाडलं नाही.

सहाच्या आसपास रूपीचं नाव पुकारलं. चांगलं दोनदा, गावासकट. समुद्रावरून ते नाव घुमून परत आलं. खोटं कशाला बोला, रूपीला फार आवडलं. पायऱ्या चढून ती बसली, डोळे मिटले, आणि सासूनं शिकवलं तसं धरणीच्या ओळीपासून सुरू केलं. आडवी झालेली माणसं उठून बसली. आइस्क्रीमची रांग मोडली. मायकानं तिचा आवाज उचलून कुठल्या कुठे नेला. इतका मोठा आवाज आपल्याला आहे हे तिला त्या दिवशी कळलं. ती फार सुंदर गायली. आयुष्यात इतकं छान ती कधी गायली नव्हती.

आणि गाणं त्या जागेवर आलं. नवरीचं नाव घ्यायच्या जागेवर. नुसत्या कार्यक्रमाच्या गाण्यात तिथं काय घ्यायचं, याचा तिनं विचारच केला नव्हता. घोकून घोकून जिभेवर एकच नाव होतं. ते आपसूक आलं. शितल. चिमीची शितल, कैनाडची शितल. चांगलं लांबवून, जसं ठरवलं होतं तसं. दोन हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या.

रूपीनं डोळे उघडले तेव्हा सूर्याचा अर्धा तुकडा पाण्यात गेला होता. जन्मात एकदाच घ्यायचं ते नाव इथंच घेऊन झालं होतं, आणि ती नविनला शोधत पायऱ्या उतरली.

नविननं मोटरसायकलवरून तिला कैनाडला सोडलं तेव्हा अंगणात दिवे नुकतेच लागले होते. वरातीमागून घोडं, दुसरं काय! मांडवात बायका हसतखेळत बसल्या होत्या. भिंतीवर चौक पुरा झालेला. देवीला तोंड होतं, डोळे होते. रूपी दारातच थबकली.

चिमी पुढे आली. ती रागावलेली नव्हती. "अगं, किती वाट बघितली! मग शेवटी आमच्या पोरानं, रूपेशनं, काढलं मोबाईलमधून. गेल्या साली दक्षाच्या लग्नात तू गायलीस ना, त्यानं भरून ठेवलेलं. ते लावलं. तुझाच आवाज. काय अडलं नाय बघ."

दक्षा ही गंजाडची पोरगी. तिच्या चौकाला रूपी गायली होती ते खरं. आणि त्या गाण्यात जागच्या जागी दक्षाचं नाव होतं, हेही खरं.

बायकांच्या ते ध्यानात आलं नव्हतं. किंवा आलं असेल, आणि लग्नघरात कोणी बोललं नसेल. रूपी तडक देवीचं सगळं बघणाऱ्या काकड्या भगताकडे गेली. म्हणाली, मी आता गाते, सबंध गाते, देवीच्या तोंडावर पुन्हा पिठाची एक काडी फिरवू. म्हातारा भगत कोपऱ्यात विडी ओढत बसला होता. त्यानं मान हलवली. "देवी आली, बसली. आता उठ म्हनू तिला? परत ये म्हनू? काय पोरखेळ हाय?"

तेवढ्यात रूपेश ओरडत आला. शितलचा तो धाकटा भाऊ, महोत्सवाचा व्हिडिओ त्याच्या मोबाईलवर येऊन पोचला होता. "आये, बघ! मावशी समुद्रावर! आणि ताईचं नाव घेतलंय!" सगळा मांडव त्या मोबाईलवर वाकला. नाव आलं तशा बायकांनी टाळ्या पिटल्या. चिमीनं तर डोळ्यांना पदर लावला. आपल्या लेकीचं नाव एवढ्या लोकांनी ऐकलं! तिनं रूपीला मिठी मारली.

एकटी शितल हसली नाही. ती हळद लावून पाटावर बसली होती. तिनं व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, मोबाईल भावाला परत दिला, आणि रूपीला खुणेनं जवळ बसवलं.

"चौक लिहिताना मी आतच होते मावशी," ती हळू बोलली. "मी कान लावून बसलेली. दक्षाचं नाव आलं. माझं नाय आलं."

रूपीला हजार ओळी पाठ होत्या. जीप आली नाही, असं सांगता आलं असतं. लोकांनी सोडलं नाही, असंही. चिमीनं तर ते विचारल्याशिवायच गृहीत धरलं होतं. पण त्या पोरीपुढे खोटं बोलायला जीभ वळेना.

"जीप आली होती, बाय," ती म्हणाली. "तीन वाजता. मीच नाय बसली. मला तिथं गायचं होतं."

शितलनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. दवाखान्यात पेशंटकडे बघावं तसं, निवांत. मग हळदीचा हात रूपीच्या लुगड्याला लागू नये म्हणून जपून बाजूला घेतला.

"मग तसंच सांगायचं ना आईला फोनवर," ती म्हणाली. "कमळीमावशीला आणलं असतं आम्ही."