घुबडाचा दगड

आमच्या घरामागच्या जुन्या खाणीच्या कपारीत एक शृंगी घुबड राहतं. दिवस मावळला की ते काठावर येऊन बसतं. मांजराएवढं धूड, डोक्यावर पिसांची दोन शिंगं, आणि नारिंगी डोळे असे रोखलेले की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. अंग हलत नाही, मान तेवढी पार पाठीमागे फिरते. उडताना पंखांचा आवाजसुद्धा नाही.

परवा शेजारचे तात्या ते बघत म्हणाले, "लहानपणी मी इथंच घुबडाला दगड मारला होता."

आमच्याकडे म्हणतात, मारलेला दगड घुबड उचलून नेतं आणि ओढ्यात घासत बसतं. दगड झिजेल तसा मारणारा झिजतो. रात्रभर उंदीर पकडायचे की लोकांचे दगड घासायचे? बिचाऱ्याला एवढी सवड कुठली! पण तात्यांच्या आईनं त्याच संध्याकाळी तो दगड शोधून घरी आणला.

"अजून आहे," तात्या पोटावरून हात फिरवत हसले. "खारातल्या कैऱ्यांवर वजन म्हणून ठेवतो."

आज संध्याकाळी त्यांच्याकडे गेले, तर काकू कैऱ्यांची बरणी धुवायला बसल्या होत्या. मी मदतीला म्हणून दगड काथ्यानं घासायला घेतला. काकूंनी तो झटकन काढून घेतला.

"घासू नकोस गं! नुसता पाण्यातून काढायचा."

पदरानं त्यांनी तो हलकेच टिपला. एवढ्यात खाणीकडून घुबड घुमलं. काकूंनी दगड मांडीवर घेतला आणि खिडकीकडे बघून म्हणाल्या, "ओरड मेल्या, किती ओरडायचं ते. दगड माझ्याकडे आहे."