दिवसाला दीड भाकरी

सुईणीलाच खाटेवर घालून न्यायची वेळ आली, तर बाळंतिणीने कोणाच्या तोंडाकडे पाहायचं? एका पावसाळ्यात माझ्यावर ती वेळ आली. अक्राणीच्या डोंगरात सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. तिथले पाडे असे, की समोरच्या घराला हाक ऐकू जाते, पण पोचायला एक अख्खी टेकडी उतरून दुसरी चढावी लागते. अशाच एका चढावर माझे गुडघे बसले ते उठेचनात. मला न्यायला आलेल्या माणसांनी जवळच्या घरातून खाट आणली, तिच्यावर मला घातलं आणि खांद्यावर उचलून चढ चढले. वाटभर ते नुसते धापा टाकत होते. बाळंतपण नीट झालं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ही बातमी माझ्याआधी नंदुरबारला पोचली. तिथले मोठे डॉक्टर आमचे वरिष्ठ. त्यांनी मला बोलावून घेतलं, काट्यावर उभं केलं, गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाले, "बाई, दिवाळीपर्यंत वजन उतरलं पाहिजे. नाही उतरलं, तर तुमची बदली खाली सपाटीवर करा म्हणून मी लिहिणार. तुमच्याच भल्यासाठी."

माझं भलं मला चांगलं कळत होतं. मी खाली आले असते तर माझ्या जागी वर दुसरी बाई जाणार नव्हती. माझ्याआधी ती जागा कित्येक वर्षं रिकामीच होती, आणि त्या वर्षांत कोणाची बायको गेली, कोणाचं मूल अडलं, हे मला प्रत्येक पाड्यावर ऐकायला मिळालं होतं. तेव्हा मला बदली नको होती, म्हणजे नकोच होती.

"काय कमी करू?" मी विचारलं.

"पिष्टमय पदार्थ. भाकरी, भात, साबुदाणा, बटाटा, आणि गूळ-साखर."

"कमी म्हणजे किती?"

"कमी म्हणजे कमी," डॉक्टर म्हणाले. ते स्वतः काडीसारखे. 'किती' हा प्रश्न त्यांना जन्मात पडला नसणार.

त्या दिवशी मी तिथेच, नंदुरबारात, आईकडे जेवले. पानातली भाकरी बाजूला सारली तशी आई उखडली. "काय व्हयनं वं तुले? भाकर शे ती, जहर नही!" आमच्याकडे भाकरी नाकारणाऱ्या माणसाला एकतर ताप असतो नाहीतर राग. मला दोन्ही नव्हतं, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

डॉक्टर आकडा सांगत नाहीत, तर आकडा मीच काढीन, असं म्हणून मी डोंगरात परतले. आधी एक घाव दोन तुकडे केले. भाकरी बंद, भात बंद, गूळ तर समोरही नको. डाळ, अंबाडीची भाजी, अंडी, कधी कोंबडी, यांवर राहिले. आठवडा काढला असेल नसेल, एका बाळाची नाळ बांधताना माझा हात थरथरला. दोरा पक्का बसला, कोणाला काही कळलं नाही, पण मला घाम फुटला. गुडघे माझे एकटीचे होते. हात तसे नव्हते.

त्या दिवशी मला माप सापडलं. जेवढ्या भाकरीत हात स्थिर राहतो तेवढी खायची, त्याहून कणभर जास्त नाही. अर्धी खाऊन पाहिली, चढावर डोळ्यांपुढे अंधारी येई. एक खाऊन पाहिली, सकाळ निघे पण संध्याकाळ निघत नसे. दोन खाल्ल्या की दुपारी कुठेही टेकावंसं वाटे. दीडवर मात्र सगळं जमलं. सकाळी निघताना एक, दिवेलागणीला अर्धी. पीठ वाटीने घ्यायचं, आणि तेही बोटाने सपाट करून, शीग न लावता. थापणारी मीच आणि खाणारीही मीच, म्हणजे चोर आणि शिपाई एकाच घरात, म्हणून वाटीशी मी कडक होते. आजही कोणी मला विचारलं तर मी हेच सांगते, की दुसऱ्याचा आकडा घेऊ नका, आपल्या कामाला विचारा.

हे सगळं छान चाललं असतं, पण दवाखाना झाडणाऱ्या बाईने माझं ताट पाहिलं. तिने आठवडी बाजारात सांगितलं की बाई आता दीडच भाकरी खाते. डोंगरातल्या माणसाला भाकरी कमी होण्याचं एकच कारण ठाऊक, कणगीतलं धान्य संपणं. झालं! सरकारने बाईचं धान्य बंद केलं, अशी आवई उठली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ओट्यावर मक्याची कणसं, मोर-बंटी या डोंगरातल्या भरडधान्यांच्या टोपल्या येऊ लागल्या, आणि एकाने तर पाय बांधलेली कोंबडीच आणून ठेवली. मला गहिवरून आलं आणि तितकाच रागही आला. ते दिवस नवं पीक हाती यायच्या आधीचे. आणणाऱ्यांच्याच घरात चुलीवर आंबील शिजत होती, तीही पातळ.

मी बाजारात जाऊन सगळ्यांना समजावलं की मला धान्य मिळतं, मीच मुद्दाम कमी खाते, मला बारीक व्हायचंय. लोक हसून हसून लोळले. बायका माझे दंड चाचपून पाहायच्या आणि म्हणायच्या, एवढं चांगलं कमावलेलं अंग घालवतेस कशाला? जिथे पावसाळ्यात माणसं नाइलाजाने अर्धपोटी राहतात, तिथे मी वाटीभर पीठ सपाट करत बसले होते. याची मला लाज वाटे. पण गुडघ्याला लाज कळत नाही, आणि दिवाळी जवळ येत होती.

खरी अडचण वेगळीच होती. बाळंतपण झालेल्या घरातून सुईणीला न जेवता उठू देत नसत. एका पाड्यावर एक म्हातारी होती. तिच्या सुनांची बाळंतपणं मीच केली होती आणि तिच्या शब्दाला तिथे मान होता. ती म्हणे, सुईण उपाशी गेली तर पोराच्या नशिबी उपास येतो. मग माझ्यापुढे मक्याचा रोटला येई, हातभर रुंद आणि बोटभर जाड. माझ्या तीन भाकऱ्या त्यात सहज मावल्या असत्या. मी एकदा म्हटलं, अर्धाच दे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या नातवालाच अर्धा म्हटलं. खाल्ला मी सगळा. आणि त्या महिन्यात बाळंतपणं तरी किती! जे मी घरी वाटीने कमी करी, ते पाड्यांवर रोटल्याने भरून निघे.

दसऱ्याला डॉक्टरांनी पुन्हा काट्यावर उभं केलं. वजन उतरलं होतं, पण नाव घेण्यासारखं नाही. "दिवाळीला अजून वेळ आहे, पण मी कागद तयार ठेवतो," ते म्हणाले.

परत आले ती चिडूनच. नेमकं त्या म्हातारीच्याच पाड्यावर जाणं झालं, आणि तिने नेहमीसारखा रोटला पुढे केला. माझा तोल गेला. "घाल, घाल अजून!" मी ओरडले. "तुम्ही खायला घालून घालूनच मला या डोंगरातून घालवणार आहात. अंग उतरलं नाही तर सरकार मला खाली नेणार, आणि दुसरी कोणी येणार नाही!" म्हातारीने भाकरीची टोपली झाकली आणि ती चुलीपाशी जाऊन बसली. मी मनात म्हटलं, दुखावली. घरी येईपर्यंत मला वाईट वाटत राहिलं, पण शब्द परत घ्यावेत असं वाटलं नाही, कारण ते खरे होते.

कागद शेवटी गेला नाही, हे आताच सांगून टाकते. दिवाळीनंतर डॉक्टरांनी काटा दोनदा पाहिला आणि विचारलं, "बाई, काय केलंत?" मी म्हटलं, "मी माझ्या घरी केलं ते ठरलेलंच होतं. बाकीचं त्यांनी केलं." त्यांना काय समजलं देव जाणे.

झालं होतं ते असं. त्या ओरडण्यानंतर कुठल्याच पाड्यावर माझ्यापुढे रोटला आला नव्हता, नुसती भाजी नाहीतर रस्सा येई, आणि म्हातारीमुळे सगळेच माझ्यावर रुसलेत असं मी समजून चालले होते. दिवाळीच्या थोडं आधी त्याच म्हातारीच्या धाकट्या सुनेचं बाळंतपण आलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी हात धुऊन बाहेर आले. घरातले सगळे जेवायला बसले होते, रोटल्याचा खमंग वास सुटला होता, आणि मला कोणी बोलावलं नाही. पोरंसुद्धा माझ्याकडे न बघता खात होती. मग म्हातारीने माझ्यापुढे पळसाचं पान मांडलं आणि त्यावर कोंबडीचा रस्सा आणि भाजी वाढली. रोटला नाही.

"खा," ती पावरीत म्हणाली. तिचं बोलणं मी माझ्या भाषेत सांगते. "सगळ्या पाड्यांवर सांगून ठेवलंय मी. बाईला कोणी रोटला वाढायचा नाही. पोरांच्या नशिबी उपास यायचा तर येऊ दे, ते आम्ही बघू. तू जाऊ नकोस."

मी जेवू लागले. ती माझ्यासमोर बसली होती. तिच्याही पानावर रोटला नव्हता, रस्साही नव्हता, कांद्याची फोड तेवढी होती. अंगाची हाडं मोजावीत अशी ती म्हातारी, दिवसभर चुलीपाशी राबलेली.

"तू का नाही खात?" मी विचारलं.

"पाहुणी रोटला खात नाही आणि मी खाऊ?" ती म्हणाली. "इतके दिवस हेच चाललंय. ज्या घरी तू जातेस, त्या घरची म्हातारी त्या दिवशी रोटला खात नाही."

मी उठले, तिच्या टोपलीतला सगळ्यात मोठा रोटला काढला, तिच्या पानावर ठेवला आणि तिच्यावर ओरडले, की आधी खा, नाहीतर मी आत्ताच्या आत्ता नंदुरबारला जाते. तिने तो मोडला आणि माझ्याकडे बघत बघत खाऊ लागली. संपेपर्यंत मी तिथून हलले नाही.