आक्काचा जिल्हा

गाडी नागपूरला दोन तास उशिरा पोचली, तेव्हा साडेआठ झाले होते. अकराला आक्काचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन होतं आणि ते नेमकं कुठं, हे मला ठाऊक नव्हतं. दाजी आरमोरीला जंगलखात्यात कारकून, शब्द मोजून वापरणारा माणूस. त्यांच्या तारेत दिवस, वेळ आणि पुढं नुसतं 'धंतोली'. साताऱ्याहून निघताना मी धरून चाललो होतो की धंतोली हे हॉस्पिटलचंच नाव असणार.

आई गेल्यापासून सहा वर्षं आक्का माहेरी आली नव्हती. खरं सांगायचं तर मीच बोलावली नव्हती. लांब पडतं, ही माझी सबब. पण भुलीखाली जायच्या आधी तिला एकदा तोंड दाखवलं नसतं, तर मला जन्मभर टोचलं असतं.

सायकलरिक्षावाला म्हातारा होता. डॉक्टरचं नाव माहीत नाही म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. धंतोली हा अख्खा मोहल्ला आहे आणि तिथं घराआड दवाखाना आहे, हे त्यानंच सांगितलं. वाटेत तो स्वतःबद्दल बोलत होता. मूळचा शिवनीचा. पूर्वी शिवनी आणि नागपूर एकाच राज्यात, राजधानी नागपूर. मग राज्यांची फेरमांडणी झाली, शिवनी मध्य प्रदेशात राहिली आणि हा इकडं. "आता गावाले गेलो का परमुलखात गेल्यावानी वाटते," असं म्हणाला. सतरा वर्षं मी शाळेत पोरांकडून जिल्हे घोकून घेतोय, पण जिल्हा गेला म्हणजे माणसाचं काय होतं, हे कुठल्या धड्यात नव्हतं.

रात्रीपासून पोटात काही नव्हतं म्हणून कोपऱ्यावरच्या टपरीवर पोहे घेतले. टपरीवाल्यानं वर तर्री (हरभऱ्याच्या तिखटजाळ रश्शाचा लाल तवंग) ओतली. आम्हा घाटावरच्यांना तिखटाची काय भीती, अशा ऐटीत मी आणखी मागितली. दुसऱ्या घासाला उचकी लागली ती थांबेना.

उचक्या देतच दोन दवाखाने पालथे घातले. गंमत अशी, की इथं पेशंटचं नाव कोणी आधी विचारत नाही. आधी जिल्हा. तिसऱ्या दवाखान्यात त्याचं कारण कळलं. काउंटरमागं लाकडी कप्पे होते आणि प्रत्येकावर खडूनं जिल्हा लिहिला होता: भंडारा, वर्धा, यवतमाळ, चांदा, बालाघाट. कमलाबाई पन्नास येतात, पण वर्ध्याच्या कमलाबाई दोनच, असा तिथल्या म्हाताऱ्या कंपाउंडरचा हिशेब.

चंद्रपूर, असं मी सांगितलं. त्यानं चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरच्याच जुन्या नावाचा, कप्पा उपसला. आक्काचं कार्ड नव्हतं. मग मला आठवलं, आरमोरीचा तो भाग तोडून नुकताच गडचिरोली जिल्हा केलाय. शाळेच्या नकाशावर ती रेघ मीच लाल शाईनं ओढली होती. गडचिरोलीचा कप्पा अजून बनला नव्हता. त्या लोकांची कार्डं काही चांद्यात, काही भंडाऱ्यात आणि काही नुसतीच टेबलावर पडली होती. आम्ही दोघांनी सगळी चाळली. कुठंच नाही. माझं टाळकं सटकलं. असला कसला कारभार, म्हणून मी त्या बिचाऱ्यावर ओरडलो आणि तरातरा बाहेर पडलो.

आणखी चार दवाखाने झाले. पावणेअकराला, काही सुचेना म्हणून, त्याच काउंटरवर परत आलो. म्हाताऱ्यानं राग धरला नव्हता. त्यानं पाणी दिलं आणि तुम्ही स्वतः कुठले, असं विचारलं. सातारा म्हटल्याबरोबर तो उठून उभा राहिला.

"मंग पहिलेच काहून नाही सांगितलं? साताऱ्याची एक बाई वरते आहे ना!"

जिना कसा चढलो, देव जाणे. आक्काला स्ट्रेचरवर घेत होते. हिरवा झगा, हातात बांगडी नाही, केस पांढरे. दाजी शेजारी औषधाची पुडकी घेऊन उभे. मला बघून ती हसली आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"आक्का, सातारा काय म्हणून सांगितलंस गं?"

"आमचा जिल्हा कोणता म्हणतात आता, मले काही समजत नाही," ती म्हणाली. "अन् मेले-बिले तर पत्र कोणाकडं जायला पाहिजे? तुझ्याकडंच ना?"

तेवढ्यात तिला आत नेलं. पुढचे दोन तास मी आणि दाजी एका बाकावर बसलो होतो. तीस वर्षांच्या नात्यात आम्ही इतका वेळ शेजारी कधी बसलो नव्हतो.

ऑपरेशन नीट पार पडलं. बाराव्या दिवशी सुटी मिळाली. कंपाउंडर कागद लिहीत होता. जिल्हा दुरुस्त करता का, असं दाजींनी विचारल्यावर त्यानं पेन उचललं. मी त्याचा हात धरला. महिनाभर विश्रांती सांगितलीय तर ती साताऱ्यालाच घेईल, असं मी म्हणालो. दाजींनी मान हलवली आणि आक्काची पिशवी माझ्याकडं दिली.

परतीच्या प्रवासात आक्का खिडकीशी होती आणि तिच्या टाक्यांना धक्का लागू नये म्हणून मी रात्रभर जागा. पुण्याला गाडी बदलल्यावर तिचं सुरूच झालं. दर स्टेशनला विचारायची, आपला जिल्हा लागला का? मी नाही म्हणायचो. पुणे-सातारा हद्दीवरचा नीरेचा पूल खडखडत मागं गेला तेव्हा मीच आपण होऊन सांगितलं, "लागला, आक्का."

टाके दुखत होते तरी ती सरळ उठून बसली, पदर नीट केला आणि मला म्हणाली, "आता तू जरा झोप."