शेवटच्या नळाचं पाणी

आमच्या गावची पाण्याची टाकी मारुतीच्या देवळामागं आहे. तिथून निघालेली पाइपलाइन सगळं गाव फिरून बौद्धवाड्यात येते आणि माझ्या दारातल्या नळाला संपते. हे मला पक्कं माहीत होतं. माहीत असून मी जे केलं नाही, त्याची भीती अजून माझ्या अंगातून गेलेली नाही.

निवृत्त झाल्यावर मास्तर माणसाला स्वस्थ बसवत नाही. मी गावच्या पाणी समितीत शिरलो. तोवर समितीचं काम म्हणजे जुलाबाची साथ आली की धावाधाव करायची आणि साथ गेली की वर्षभर विसरून जायचं. मी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं एक गोल काढला. एकच गोष्ट बदलायची, पंधरा दिवस बघायची, वहीत लिहायची, बसून बोलायचं आणि मग पुढची गोष्ट हातात घ्यायची. गावानं त्याला 'गुरुजीचं चाक' असं नाव ठेवलं. ठेवेनात का! चाक फिरत होतं.

पहिल्या फेरीत टाकी धुण्याचा वार ठरला. दुसऱ्या फेरीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर थेट टाकीत ओतणं बंद केलं. ती बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं. तिसऱ्या फेरीत पावडर थोडी कमी केली, कारण चहाला वास येतो अशी बोंब होती. पाणी सोडणारे मामा टाकीजवळच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचे आणि त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं पडलं की जंतू मारण्यापुरती पावडर शिल्लक आहे असं समजायचं. दर वेळी पिवळं पडायचं. मी वहीत 'बरोबर' लिहायचो आणि जुन्या सवयीनं खाली सहीही ठोकायचो.

शेवटच्या नळाचं पाणी तपासा, असं मात्र एकदाही म्हणालो नाही. सुचलं नव्हतं असं नाही. मागं आमच्या गल्लीत खांबावर दिवा बसला, तेव्हा पारावर एक जण म्हणाला होता, "गुरुजीनं आपलं दार उजळून घेतलं." मी तर त्यासाठी अर्जसुद्धा केला नव्हता. पण ते बोलणं इतकं लागलं, की समितीत आपल्या गल्लीचं नाव काढायचीच धास्ती बसली. जन्मभर वर्गात पोरांना दरडावलं आणि एका टोमण्याला भ्यालो.

तिसऱ्या फेरीच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या दोन घरांत जुलाब सुरू झाले. मी म्हणालो, आंबे जास्त झाले असतील. वहीत काहीच लिहिलं नाही.

मग एका सकाळी माझी मुलगी भिंत धरून मोरीतून बाहेर आली. पहिलटकरीण, आठवा महिना, बाळंतपणाला माहेरी आलेली. दहा वाजेपर्यंत तिचे डोळे खोल गेले होते. जीपमध्ये तिच्या आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. गेवराईच्या दवाखान्याचा तो रस्ता माझ्या पायाखालचा, पण त्या दिवशी संपता संपेना. मध्येच मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, सकाळपासून बाळ हललं न्हाई."

 मी ड्रायव्हरला पुन्हा पुन्हा जोरात चल म्हणत राहिलो.

दवाखान्यात सलाइन लावता लावता सिस्टरनं विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"नळाचं. तपासलेलं," मी म्हणालो. सांगायला लाज वाटते, पण त्या घडीलाही माझ्या आवाजात थोडी ऐट होती.

"तुमच्या घरच्या नळाला तपासलं का?"

 बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "सगळ्या गावाचं पाणी बगता तुमी," ती म्हणाली, "आपल्या नळाचं कावून न्हाई बगितलं?"

 डॉक्टरांनी मुलीच्या पोटावर यंत्र ठेवलं. आधी नुसती खरखर ऐकू आली. मी दाराची कडी घट्ट धरून उभा होतो. बऱ्याच वेळानं ठोके ऐकू आले. डॉक्टर म्हणाले, ठोके आहेत, पण मुलगी फार सुकली आहे, काही दिवस इथंच राहू द्या, आज काही सांगता येत नाही.

दोन दिवसांनी गावात पाणी सुटलं, तेव्हा मी नळी घेऊन माझ्या दारातल्या नळाशी बसलो.  नळीत पाणी घेऊन थेंब टाकले. पाणी होतं तसंच राहिलं, पिवळेपणाचा मागमूस नाही. ती नळी तशीच हातात धरून मी ग्रामपंचायतीत गेलो. समिती बसलेलीच होती.

"चौथ्या फेरीत एकच बदल," मी म्हणालो. "तपासणी आधी शेवटच्या नळाला. तिथं पिवळं पडल्याशिवाय वहीत 'बरोबर' लिहायचं नाही."

समितीतले एक बागायतदार हसले. "मंजी तुमच्या दारचं पाणी आदी बगायचं व्हय, गुरुजी?"

हेच ते बोलणं. हे ऐकावं लागू नये म्हणून मी तीन फेऱ्या तोंड शिवून बसलो होतो.  मामा वहीवर पेन टेकवून माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हणालो. "माझ्या दारचं. माझी पोर दवाखान्यात पडून हाय, कारण तुमच्या या बोलण्याला मी भीत होतो."

 मामांनी तेवढं लिहून घेतलं. त्याच फेरीत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी नाल्यातून जाणारा पाइप फुटलेला सापडला आणि बदलला गेला.

मुलगी बरी झाली. नात झाली आणि आता चालायलाही लागली. आजोळी आली की पाणी सुटायच्या दिवशी ती माझ्याआधी नळाशी जाते आणि धारेखाली ओंजळ धरते. मी एका हातानं नळीत थेंब टाकतो आणि दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरून ठेवतो. ती हिसके देते, रडते, आजी माझ्यावर ओरडते. पाणी पिवळं पडेपर्यंत मी तिचा हात सोडत नाही.